घोडी कुणाच्या भरवशावर?

अगं, तुझा निरोप पोचला. धाकट्या नणंदेचा साखरपुडा मुंबईत, घरातली सगळी माणसं जाणार आणि घोडी रेवसलाच राहणार. सासूबाई म्हणतात, "शेजारचा पोरगा टाकेल की चार पेंढ्या, त्याला पैसे कसले द्यायचे?" तुला ते पटत नाही, पण तोंडावर बोलवतही नाही. म्हणून रात्री अकराला मला एवढा लांबलचक निरोप. बरं केलंस. अशा गोष्टी मनात ठेवून लाँचमध्ये बसलीस तर निम्मा जीव तबेल्यातच राहायचा.

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं सांगते: पैसे दे. आधी बोलून, ठरवून दे. ओळखीचा असला तरी दे, नात्यातला असला तर आवर्जून दे. अगं, शेजारधर्म म्हणून जो येतो त्याला सांगायची चोरी असते. "दुपारी पाणी बदल" म्हटलं की त्याला वाटतं, एक तर फुकट करतोय आणि वर ही शिकवतेय. त्यालाही बिचाऱ्याला नाही म्हणता येत नाही. त्या दिवशी त्याला जाळ्याचं काम असतं, बायकोला दवाखान्यात न्यायचं असतं, तरी भिडेखातर हो म्हणतो आणि मग जमेल तेव्हा डोकावून जातो. घोडीला मात्र 'जमेल तेव्हा' चालत नाही. मजुरी ठरली की तुला सांगायचा हक्क येतो आणि त्याला "ताई, त्या दिवशी नाही जमणार" म्हणायची मोकळीक मिळते. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा मोलाची. आधी मिळालेला नकार परवडतो, आयत्या वेळी दिलेली हुलकावणी परवडत नाही.

आता दिवस म्हणजे किती, ते ठरवू. रेवसहून मुंबईला जाणाऱ्या माणसाचा दिवस घड्याळावर नसतो, समुद्रावर असतो, हे तुला मी सांगायला नको. भाऊच्या धक्क्याहून लाँचला तास-दीड तास लागतो खरा, पण आपल्या बंदरात गाळ इतका की ऐन ओहोटीला लाँच धक्क्याला लागायची पंचाईत. म्हणून निघण्याआधी तिथी बघ. आपल्याकडचा जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळी सहाच्या सुमारास पाणी भरलेलं. त्यात अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, ओहोटीही फार खोल उतरत नाही. परतीला हा दिवस उत्तम. पौर्णिमेला मात्र भरती सव्वाअकरा-बाराला, आणि उधाणाची ओहोटी बरोबर संध्याकाळी सहाच्या आगेमागे, म्हणजे तुम्ही ओट्या आणि पेढ्यांचे पुडे सांभाळत परत याल तेव्हा. अमावास्येचंही गणित तेच, पण अमावास्येला साखरपुडा कुणी धरत नाही, तेवढी एक काळजी कमी. हा झाला अदमास. नेमकी वेळ बंदरावर विचारून घे.

तारीख तुझ्या हातात नाही, पण घोडी सांभाळणाऱ्याशी काय बोलायचं ते आहे. त्याला "एक दिवस" असं सांगूच नकोस. "पहाटेच्या चंदीपासून दुसऱ्या दिवशी सकाळच्या चंदीपर्यंत" असं सांग. संध्याकाळी परत आलात तर तो सुटला, नाहीतर रात्र धरलेलीच आहे. शेवटची लाँच चुकली तर मांडव्याची रो-रो आहे, २०२० पासून ती एक सोय झाली आहे. तीही चुकली तर पनवेल, पेण, वडखळ, पोयनाड असा वळसा घालून घरी पोचेपर्यंत मध्यरात्र. त्या वेळी रस्त्यातून फोन करून "जरा रात्रीचंही बघशील का?" असं विनवायची पाळी येऊ नये.

माणूस कोण निवडायचा? तुझ्यासमोर तीन पर्याय असणार, मला माहीत आहेत.

एक, शेजारचा तो उत्साही पोरगा. घोडीवर त्याचा जीव आहे, तीही त्याला ओळखते. सगळं खरं. पण पंधरा-सोळा वर्षांच्या पोराला एकटी घोडी आणि मोकळा किनारा मिळाला की तो स्वार होणार. नाही झाला तर त्याचे मित्र होतील, आणि कुणाचा तरी मोबाईल त्याचं शूटिंग करेल. त्याला मदतीला ठेव, पाणी भरायला ठेव, जबाबदारीवर ठेवू नकोस.

दोन, गावातला बैलवाला. जनावरात मुरलेला माणूस आहे, हात शांत आहे. पण त्याचा सगळा अनुभव रवंथ करणाऱ्या जनावराचा. बैल पोटभर खाऊन निवांत बसतो आणि खाल्लेलं वर आणून चघळतो. घोड्याचं पोट लहान, त्याला थोडं थोडं आणि दिवसभर लागतं. वर घोड्याला ओकता येत नाही, पोटात गेलेलं चुकीचं अन्न बाहेर काढायची त्याला वाटच नाही. बैलवाल्याच्या घरची माऊली प्रेमाने शिळा भात, उरलेल्या भाकऱ्या, सणाची पुरणपोळी आणून घालते. बैलाला ते एकवेळ चालून जातं, घोडीचं पोट फुगतं. बैलवालाच ठेवायचा असेल तर ठेव, पण त्याला आणि त्याच्या घरच्यांना, दोघांनाही समोर बसवून हे सांग.

तीन, किहीम-मांडव्याच्या किनाऱ्यावरचा दुसरा घोडेवाला. हा सगळ्यात उत्तम, कारण त्याला शिकवावं लागत नाही. त्याची अडचण एवढीच की शनिवार-रविवारी त्याची स्वतःची कमाई असते. त्या दिवशी त्याला बोलवायचं तर त्याचं बुडणारं उत्पन्न तू भरून द्यायला हवं. मधल्या वारी मात्र तो आनंदाने येईल. आपल्याच जिल्ह्यात माथेरानला बघ, मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून बराचसा व्यवहार घोड्यांवर चालत आला. तिथे मालक एक आणि घोडा हाताळणारा दुसरा हे नेहमीचंच. दुसऱ्याचा घोडा पैसे घेऊन सांभाळणं हा रीतसर कामाचा प्रकार आहे, त्यात कुणाचा अपमान नाही आणि कुणाचे उपकारही नाहीत.

कुणालाही ठरव, पण आदल्या दिवशी संध्याकाळी चंदीच्या वेळेला बोलाव. तू काही बोलू नकोस, फक्त बघ. तो घोडीकडे येतो कसा? मागून, मुकाट येऊन एकदम पाठीवर थाप मारणारा असला तर चहा पाजून परत पाठव. जाणता माणूस आधी लांबून आवाज देतो, खांद्याच्या बाजूने येतो, मानेवर हात ठेवतो. मागे जायचं असेल तर हात पाठीवरून सरकवत, बोलत बोलत, अंगाला लागून जातो, म्हणजे हात कुणाचा आणि कुठे आहे ते तिला कळत राहतं. मग बादली ठेवताना तो घोडीच्या कानांकडे बघतो की मोबाईलकडे? खरारा हातात दिलास तर पोटाखाली, जिथे तंग घासतो तिथे हात फिरवून बघतो का? खूर उचलायला सांग. पाय ओढून धरतो की हात खाली नेत नेत तिला स्वतः उचलू देतो? या पाव तासात जे कळतं ते दहा जणांनी दिलेल्या शिफारशीत कळत नाही. आणि घोडीचंही मत घे. त्याला बघून तिने कान मागे टाकले, तर ती जोडी जमायची नाही.

घोडी त्याच्याकडे न्यायची का, असंही विचारलं होतंस. नको. त्यालाच तुझ्याकडे येऊ दे. परकी जागा, परकं पाणी, शेजारी अनोळखी घोडे, म्हणजे लाथाळी आली. शिवाय कुणाच्या तबेल्यात कुठला आजार आहे, सांगता येत नाही. ग्लँडर्ससारखा रोग एकाच पाण्याच्या टाकीतूनही पसरतो, आणि तो निघाला तर घोडा वाचवायची सोय सरकारही ठेवत नाही, मारावाच लागतो. एका दिवसाच्या सोयीसाठी एवढा धोका कशाला?

आता जरा नाजूक गोष्ट. आपल्या घोडीच्या खोडी आपण झाकतो. गिऱ्हाइकासमोर "एकदम गरीब आहे हो" म्हणायची सवय लागलेली असते, तीच माणूस ठरवतानाही तोंडातून निघते. तसं करू नकोस. ती फुग्याला बुजते, डाव्या बाजूने लगाम घालू देत नाही, चंदीच्या वेळी जवळ कुत्रा आला की लाथ झाडते, जे असेल ते सगळं सांग. हे माणुसकीचं तर आहेच, पण कायद्याचंही आहे. आपला करार कायदा १८७२ सालचा, आणि त्यात दुसऱ्याच्या हाती वस्तू सोपवण्याचं जे प्रकरण आहे, त्यात उदाहरणाला चक्क घोडेच घेतलेत. कलम १५० मधला मालक आपला घोडा अवखळ आहे हे ठाऊक असून सांगत नाही, घोडा उधळतो, घेणारा पडून जखमी होतो, आणि भरपाई मालकाच्या डोक्यावर येते. मग कलम १५४ मध्ये पारडं दुसऱ्या बाजूला झुकतं. तिथे घोडा एकाला त्याच्याच स्वारीसाठी दिलेला, त्याने तो घरच्या माणसाला बसायला दिला. तो माणूस जपून बसला, तरी घोडा ठेचकाळून दुखावला, तर ज्याच्या हाती दिला होता त्याने भरून द्यायचं. आणखी एकाने कलकत्त्याहून बनारसला जातो म्हणून घोडा भाड्याने घेतला आणि नेला कटकला. वाटेत घोडा पडला, दोष कुणाचाच नाही, तरी भरपाई त्याचीच, कारण ठरलं होतं एक आणि केलं दुसरं.

तुला कोर्टात जायला सांगत नाही मी. सांगायचं एवढंच, की दीडशे वर्षांपूर्वी कायदा लिहिणाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता आणि त्यांनी दोन्हीकडची बाजू बांधून ठेवली: तू खोड लपवायची नाही, त्याने ठरल्यापलीकडे घोडी वापरायची नाही. मधल्या काळात, आपलं जनावर असतं तर शहाण्या माणसाने जेवढं जपलं असतं तेवढं त्याने जपायचं, हे कलम १५१. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावर ज्याच्या ताब्यात असेल त्याच्यावरही त्याच्या भल्याची जबाबदारी येते, केवळ मालकावर नाही. हे त्याला धमकी म्हणून ऐकवू नकोस. "आजचा दिवस ही तुझी" असं एका वाक्यात सांग, पुरेल. आणि जीन, लगाम, गाडीचा साज, सगळं खोलीत ठेवून कुलूप घाल. हे कुलूप कलम १५४ पेक्षा जास्त कामाला येतं.

सूचना लिहून द्याव्यात का, की माणसाला राग येईल? अगं, लिहून दे. महाराजांनीही दिल्या होत्या. १६७० च्या दशकात पावसाळ्याच्या तोंडावर घोडदळ चिपळूणला छावणीला होतं, त्या वेळी शिवाजी महाराजांनी तिथल्या जुमलेदार-हवालदारांना धाडलेलं पत्र प्रसिद्ध आहे. स्वतः जवळ नाहीत, घोडी दुसऱ्यांच्या हाती आहेत, आणि पत्रात काळजी कशाची? दाणा आणि वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आत्ताच मन मानेल तसं उधळलंत तर ऐन पावसात घोडी उपाशी मरतील आणि ते पाप तुमचं. मग गवत संपलं की लोक रयतेच्या घरात शिरतील, तेही होऊ देऊ नका. आणि रात्री दिवा जळता ठेवू नका, एखादा उंदीर पेटती वात तोंडात धरून गवताच्या गंजीत नेईल आणि पागा जळून जाईल. एवढा मोठा राजा, पण उंदराच्या तोंडातल्या वातीपर्यंत विचार पोचलेला! सभासदाच्या बखरीतही पागेची व्यवस्था आहे, पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. म्हणजे पाणी पाजणं आणि खुरांची काळजी ही सवड मिळेल तेव्हा करायची कामं नव्हती, त्यांना स्वतंत्र माणूस आणि स्वतंत्र पगार होता.

तुझ्या कागदावर काय काय यावं, ते सांगते.

चंदी तू स्वतः मोजून ठेव. सकाळची, दुपारची, संध्याकाळची, अशा वेगळ्या पिशव्या बांध, वर खडूने लिही. भिजवायचे चणे रात्रीच भिजत घाल. आणखी दोन वेळची चंदी लाँच चुकली तर म्हणून बाजूला ठेव, बाकी डबा कुलपात. सांभाळणाऱ्याला प्रेमाचं भरतं आलं की हात सैल सुटतो, आणि जास्तीच्या दाण्याने नुसतं पोट बिघडून थांबत नाही. खुराच्या आतला भाग सुजतो आणि घोडी पाय टेकेनाशी होते. गवत मात्र मुबलक ठेव, ते कमी पडता कामा नये. पेंढ्याच्या पेंढीला हात घालून, नाकाशी धरून बघ. आपल्याकडच्या दमट हवेत वरून सोनेरी दिसणारी पेंढी आतून काळी आणि कुबट निघते, तसली आधीच काढून टाक, म्हणजे त्याला निवडत बसायला नको. त्या दिवशी नवीन काही नको: नवीन कोंडा नको, पहिल्या पावसाचं लुसलुशीत गवत पोटभर नको.

गवत वाळूवर टाकू नकोस आणि त्यालाही टाकू देऊ नकोस. गव्हाणीत किंवा मोठ्या टोपलीत घालायचं. किनाऱ्यावरच्या घोड्यांच्या पोटात गवताबरोबर वाळू जाते आणि तळाशी बसून राहते. तुझ्या घोडीच्या पोटात किती गेली आहे ते आजच बघ: ताज्या लिदीचे चार-पाच गोळे काचेच्या बरणीत घाल, पाणी ओत, ढवळ आणि निवळू दे. बुडाला वाळूचा थर बसला तर जाण्याआधी डॉक्टरांना दाखव. असली दुखणी मालक घरात नसतानाच डोकं वर काढतात.

पाणी कुठल्या पिंपातलं द्यायचं ते बोट दाखवून सांग. आपल्याकडच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात आणि तुझी घोडी एका चवीला सरावलेली आहे. चव बदलली की ती तोंड लावून बाजूला होते आणि सांभाळणारा म्हणतो, "तहान नाही वाटतं." घोड्याला दिवसाला साधारण २५ ते ४० लिटर पाणी लागतं, उन्हात त्याहून जास्त. म्हणून बादल्या मोजायला सांग. भिंतीवर कोळशाने रेघ मारू दे, एक बादली संपली की एक रेघ. संध्याकाळी तुझा फोन गेला की "प्यायली का" असं विचारू नकोस, "किती रेघा झाल्या" असं विचार.

डासांसाठी संध्याकाळी तुम्ही धुरी करता, ती त्या दिवशी नको. पेंढ्याची गंज बाजूला आणि धूर करून माणूस चहाला गेलेला, हे चित्र मला नको. बिडी-काडी तबेल्याच्या बाहेर. दावं ओढलं की सुटेल अशी गाठ मारायची, आणि ते इतकं लांब नको की पायात अडकेल.

आता दुखण्याचं. त्याला दहा लक्षणं सांगितलीस तर एकही लक्षात राहणार नाही. पोटशुळाचं तेवढं सांग, पण नीट सांग. चंदीला तोंड लावत नाही, पुढच्या पायाने जमीन उकरते, वळून वळून कुशीकडे बघते, सारखी बसते-उठते, लोळते, घाम फुटतो, लीद टाकत नाही, यातलं काहीही दिसलं तर गवत-चंदी समोरून काढायची आणि लगेच डॉक्टरांना फोन. आधी डॉक्टर, मग तू. हा क्रम कागदावर मोठ्या अक्षरात लिही, कारण तू त्या वेळी खाडीच्या तोंडाशी असशील आणि फोन लागेलच असं नाही. "ताईला विचारल्याशिवाय कसं बोलवू?" म्हणून तो तास घालवेल, तोच तास घोडीचा. म्हणून डॉक्टर बोलवायची परवानगी आधीच दे आणि त्याचा खर्च तुझा, हे साक्षीदारासमोर सांग.

आणि घरगुती उपाय पूर्ण बंद. बाटलीने तेल, दूध, काढा, काहीही घशात ओतायचं नाही. जबरदस्तीने ओतलेलं फुप्फुसात गेलं तर पोटशूळ बाजूलाच राहतो, घोडी त्यानेच जाते. गावातले चार जाणते जमतील आणि चार उपाय सांगतील, त्यांच्यासमोर ठाम उभं राहायला त्याला तुझा कागद उपयोगी पडेल. "ताईंनी लिहून दिलंय" म्हटलं की वाद मिटतो.

डॉक्टरांनाही आदल्या दिवशी फोन कर. त्या दिवशी ते गावात आहेत का, घोडा बघतात का, हे विचार. आपल्याकडे गाई-म्हशींचा हात सगळ्यांना असतो, घोड्याचा थोड्यांना. पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या दवाखान्याचा १९६२ हा नंबर आणि अलिबागच्या सरकारी पशुदवाखान्याचा नंबर, दोन्ही कागदावर असू देत. घोडी शांत उभी असताना तिच्या कुशीकडे बघून श्वास मोजायलाही त्याला शिकव. मिनिटाला ८ ते १६ हे ठीक. उभ्या उभ्या त्याच्या दुप्पट झाले तर काहीतरी बिनसलंय, आणि फोनवर तो आकडा ऐकला की डॉक्टर चपला शोधत बसत नाहीत.

पैशाचं आता स्पष्ट बोलते. गावात त्या हंगामात दिवसाची जी मजुरी चालू असेल ती तळाची धर. त्याच्या खाली जाऊ नकोस, कारण तो एका दिवसाच्या कामाला मुकतोय. त्यावर जबाबदारीचे म्हणून काही चढव, रात्रीचे वेगळे. निम्मे आदल्या दिवशी, निम्मे परत आल्यावर, आणि रात्र राखून ठेवायला सांगितलीस पण लागली नाही, तरी त्यातले थोडे दे. त्याने ती वेळ तुझ्यासाठी अडवली होती. जेवण-चहाचं आधीच ठरव. डॉक्टर-औषधाचे पैसे वेगळ्या पाकिटात ठेव आणि त्यावर लिही, म्हणजे मजुरीत त्यांची गल्लत होणार नाही. मोबदला म्हणून "घे एक फेरी मारून" हे अजिबात नको, पैसेच दे. आणि दारूच्या बाटलीवर व्यवहार मिटवायचा सल्ला घरातला कुणी दिला तर तो सल्ला देणाऱ्यालाच मुंबईला सोबत घेऊन जा.

दिवसात फोन दोनदाच कर, ठरलेल्या वेळी: दुपारच्या चंदीनंतर एकदा आणि संध्याकाळी लाँचमध्ये चढण्यापूर्वी एकदा. सारखे फोन केलेस तर तो घोडीपाशी राहण्याऐवजी फोनपाशी राहील. फोटो मागायचाच असेल तर घोडीच्या तोंडाचा मागू नकोस, लिदीचा माग. हसशील तू, पण तोंडाच्या फोटोत सगळ्याच घोड्या सुंदर दिसतात, लीद खोटं बोलत नाही.

परत आल्यावर आधी घोडी बघ, मग हिशोब. चारी खूर हाताने चाचप, तंगाच्या जागी ओल किंवा घासल्याची खूण आहे का बघ, पाठीवर घामाचा वाळलेला पांढरा पट्टा दिसला तर कुणीतरी बसलं होतं. काही वावगं दिसलं तर त्याच्या पोरांदेखत, बायकोदेखत बोलू नकोस. बाजूला घे, विचार, आणि पुढच्या वेळी दुसरा माणूस बघ. काम चोख झालं असेल तर मात्र उरलेले पैसे तिथल्या तिथे दे, "उद्या देते" नको. वेळेवर पैसे मिळाले की पुढच्या वेळी तो आधी तुझ्याकडे येईल, आणि पुढची वेळ येणारच. साखरपुड्यामागून लग्न आहे ना!

आता शेवटचं, हे फक्त तुझ्या-माझ्यातलं. हा कागद लिहायला बसशील तेव्हा पहाटेच्या चंदीपासून रात्री दावं तपासण्यापर्यंत किती ओळी होतात बघ. ही सगळी कामं घरात कुणाच्या हिशोबात नसतात, कारण ती तू करतेस. गवताचे पैसे वहीत आहेत, नालबंदाचे आहेत, गाडीच्या चाकाचे आहेत, तुझ्या हातांचे नाहीत. त्या माणसाला एका दिवसाला जे दिलंस ते वहीत लिही, समोर काम लिही, आणि वही दादल्यापुढे ठेव. भांडायला नाही गं, भाव ठरवायला. किनाऱ्यावर फेरीमागे जे घेता त्यात चंदी धरलेली असते, सांभाळणाऱ्याची मजुरी कधी धरलेली नसते, म्हणून सुट्टीचा हंगाम चांगला जाऊनही हातात काही उरत नाही. येत्या हंगामाचा भाव ठरवताना तो आकडा त्यात मिळवा. परवडत नसेल तर फेरी महाग करा, गिऱ्हाईक कुरकुरेल आणि देईल. घोडीची चंदी किंवा तुझी झोप कापून तो मेळ घालायचा नाही.